कावळे बघायला घेतलेली ८ बाय ४२ दुर्बीण, तीन महिने वापरून

आधीच सांगते, नीलपंख नाहीतर स्वर्गीय नर्तक बघायला दुर्बीण घ्यायची असेल तर या रिव्ह्यूचा फार उपयोग होणार नाही, कारण नोव्हेंबरच्या शेवटापासून आत्तापर्यंत मी हिच्यातून फक्त कावळे बघितलेत. घरात जाहीर केलं तेव्हा नवरा म्हणाला, कावळे बघायला दुर्बीण म्हणजे शेजारणीशी बोलायला ट्रंककॉल लावण्यासारखं आहे. सासूबाई त्याच्यावर कडी, म्हणाल्या पितृपक्षात पान ठेवून तासभर काव काव करत बसतो तेव्हा लाव ती दुर्बीण, तेव्हा एक दिसत नाही मेला.

पण माझं म्हणणं असं की स्वयंपाकघराच्या खिडकीत जो येतो तो कावळा कावळ्यासारखा वागतच नाही, तो गिऱ्हाइकासारखा वागतो. त्याचं सगळं लक्ष माझ्या हाताकडे. मान वाकडी करून एका डोळ्याने बघणार, पोळीचा तुकडा टाकला की उचलून पसार. त्याच्या घरच्या भानगडी बघायच्या तर लांबूनच बघायला हव्यात. आमच्या गॅलरीसमोर (एरंडवणे, तिसरा मजला) साधारण ३५-४० मीटरवर एक मोठा रेन ट्री आहे आणि त्याच्याखाली एक जुना कौलारू बंगला, अजून रिडेव्हलपमेंटला गेला नाहीये म्हणून शिल्लक आहे. तेवढं अंतर हे नेमकं दुर्बिणीचं अंतर. नुसत्या डोळ्यांनी काळा ठिपका दिसतो आणि दुर्बिणीतून चोचीवरचे केससुद्धा.

ब्रँडचं नाव विचारू नका, कारण हीच दुर्बीण निदान चार-पाच वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळते, फक्त बॉक्स बदलतो. मला सहा हजारांच्या थोडं वर पडली. वजन ६५० ग्रॅमच्या आसपास.

८ बाय ४२ च का (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), तर दुकानात आणि ऑनलाइन सगळे १० बाय २५ गळ्यात मारायला बघतात, खिशात मावते, जवळ दिसतं वगैरे. तिच्या नादी लागू नका, निदान संध्याकाळचं बघायचं असेल तर. हिशोब सोपा आहे, पुढच्या भिंगाचा व्यास भागिले किती पट, म्हणजे डोळ्यात उतरणारा उजेडाचा झोत केवढा जाड ते कळतं. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, २५ भागिले १० म्हणजे अडीच. भर दुपारी आपली बाहुलीच अडीच-तीन मिलिमीटरची असते त्यामुळे फरक कळत नाही, पण दिवेलागणीला बाहुली मोठी होते आणि अडीचवाली दुर्बीण अंधारी वाटायला लागते. शिवाय १० पटीत हात जास्त हललेला दिसतो, आणि सकाळी सातला पुण्याच्या गारठ्यात हात हलतोच.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे काच. दुर्बिणीची परीक्षा घ्यायला कावळ्यासारखा दुसरा पक्षी नाही हे मला वापरताना कळलं. रंगीत पक्षी कुठल्याही काचेतून छान दिसतो हो, पण काळा पक्षी पांढऱ्या आभाळासमोर बसला की स्वस्त काचेची सगळी अंडीपिल्ली बाहेर येतात. कडेने जांभळी नाहीतर हिरवट रेघ उमटते. हिच्यातही उमटते, मधोमध कमी आणि कडेला जास्त. आणि गंमत अशी की गावकावळ्याच्या पंखांवर स्वतःचीच जांभळी-निळी झाक असते, त्यामुळे पहिले आठ दिवस मला कळेना की यातलं जांभळं काचेचं किती आणि कावळ्याचं किती. शेवटी युक्ती सापडली. कावळा तसाच बसलेला असताना दुर्बीण जरा बाजूला सरकवायची, रेघ कमीजास्त झाली तर ती काचेची. आणि दुर्बीण न हलवता कावळा वळल्यावर रंग फिरला तर तो त्याचा. उन्हात पंख सावरताना तो रंग असा काही फिरतो की पैठणीच्या पदराची आठवण यावी, आणि आपण याला आयुष्यभर काळा म्हणत आलो.

बाकी गावकावळा पूर्ण काळा नसतोच, मान आणि छाती राखाडी, पुणेकरासारखा मफलर गुंडाळून बसल्यासारखा. पूर्ण काळा, जाडजूड चोचीचा, बसका आवाज काढणारा तो डोमकावळा. आमच्याकडे एक जोडी आहे डोमकावळ्यांची, ती या गर्दीत फारशी मिसळत नाही, वरच्या फांदीवर आब राखून.

थंडीत का बघायचं, तर एक म्हणजे घरट्यांची गडबड नसते. ती उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, मग कोकिळेचे उद्योग आणि आपल्या डोक्यावर टपल्या. थंडीत कावळा मोकळा असतो, म्हणजे समाजकारणाला मोकळा. सकाळी ऊन आलं की कौलांच्या पन्हळीवर पाच-सहा जण पिसं फुलवून सूर्याकडे पाठ करून बसतात, चोच थोडी उघडी, अगदी बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यासारखे. मग त्यातला एक दुसऱ्यापुढे मान खाली घालतो आणि दुसरा त्याच्या मानेतली पिसं एकेक करून चोचीने विंचरतो. जी चोच मेलेली घूस फाडते तीच चोच इतक्या हलक्या हाताने (हाताने काय, पण समजून घ्या) डोळ्याच्या बाजूची पिसं सारखी करते, की मी चहा गार करून बसले होते.

त्याच वेळी डोळ्यावरचा पडदा दिसला. पक्ष्यांना तिसरी पापणी असते ती आडवी सरकते, हे पुस्तकात वाचलेलं, पण आठ पटीत बघताना एका क्षणाला त्याचा डोळा पांढरट होऊन विझतो आणि परत लागतो. कावळ्याला एकच डोळा, तोच इकडून तिकडे फिरतो अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे ना, काकाक्षिगोलक न्याय वगैरे, मला वाटतं कोणीतरी हे विझणं जवळून बघितलं असणार.

शिळी भाकरी कडक असेल तर गॅलरीसमोरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या डबक्यात बुडवून मऊ करून खाणारा एक आहे. सगळे नाही करत, तो एकच, मी त्याला बिस्किटवाला म्हणते. आणि लपवाछपवी! एका दुपारी एकाने वड्याचा तुकडा कौलाच्या फटीत खुपसला, वर वाळकं पान ठेवलं, मागे सरकून बघितलं, परत येऊन पान नीट केलं. इतक्यात गच्चीच्या कठड्यावर दुसरा येऊन बसला. झालं, पहिल्याने पान उडवलं, तुकडा काढला आणि झाडामागे घेऊन गेला. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून जे चालतं त्यापेक्षा हे जास्त समंजसपणाने चालतं असं माझं मत झालंय.

आता एक गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नाही मला. कावळ्याला दुर्बीण आवडत नाही. गॅलरीत नुसती उभी राहिले तर ढुंकून बघत नाहीत, पण दुर्बीण डोळ्याला लावायला हात वर केला की ४० मीटरवरून सगळे भुर्र. बेचकी वाटत असणार. मग मी दहाएक दिवस रोज एकाच वेळी, तोच मरून स्वेटर घालून, खुर्चीत बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून हळूच वर न्यायला लागले, तेव्हा कुठे सवय झाली. आणि एक दिवस माझ्या जागी नवरा बसला तर परत आरडाओरडा. हे काही माझ्या मनाचं नाही, अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ नावाच्या शास्त्रज्ञाने २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून तिथले कावळे पकडून सोडले होते, त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे ओरडायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. तिथली जात वेगळी, पण आमच्या नवऱ्याच्या बाबतीत निकाल तोच.

संध्याकाळसाठी मात्र गॅलरी पुरत नाही, म्हात्रे पुलावर जावं लागतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा सव्वापाचपासून नदीच्या कडेने दोन-दोन, पाच-पाच असे यायला लागतात. सरळ रात्रीच्या झाडावर जात नाहीत, आधी जवळच्या गच्च्यांवर, टॉवरवर, तारांवर जमतात आणि तिथे जो काही गोंधळ घालतात तो लग्नाच्या पंगतीआधीचा. मग अंधारता अंधारता एकदम सगळे झाडात उतरतात, पुन्हा उठतात, पुन्हा उतरतात. या शेवटच्या वीस मिनिटांत ही दुर्बीण पैसे वसूल करते. नुसत्या डोळ्यांना झाड काळं दिसत असतं आणि हिच्यात कोण कोणाला फांदीवरून ढकलतंय ते दिसतं. मैना आणि पोपट त्यातच जागा धरायला बघतात ते वेगळंच. पुलावर गाड्यांमुळे कठडा थरथरतो, तिथे कोपर टेकू नका, सगळं चित्र भूकंपासारखं हलतं.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी सकाळी प्रचंड कालवा ऐकू आला, पंचवीस-तीस कावळे रेन ट्रीवर गोल फिरतायत. मला वाटलं घुबड असेल, मागे एकदा गव्हाणी घुबडाला असंच पिडलं होतं त्यांनी. दुर्बीण लावली तर एक कावळा एका पंखाने लटकलेला, आणि मांजा. नुसत्या डोळ्यांनी तो दोरा दिसतच नव्हता. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे हे त्या दोऱ्याला कोण सांगणार. १०१ ला फोन केला, अग्निशमन दलाची माणसं आली, त्यातल्या एका मुलाने वर बघून विचारलं, ताई तुमची ती दुर्बीण जरा देता का, दोरा कुठल्या फांदीला आहे ते खालून कळत नाहीये. त्याने बघितलं, वरच्याला ओरडून सांगितलं, लांब बांबूला कोयता बांधून फांदी कापली. तो कावळा नंतर उडाला, पण उजवा पंख अजून खाली ठेवून बसतो, त्यामुळे मला तो गर्दीत ओळखू येतो. माझी गॅलरी मात्र चार दिवस काळ्या यादीत होती, माणसं झाडाशी काय करत होती त्याचा हिशोब माझ्याकडून वसूल केला बहुतेक.

आता तक्रारी. उजव्या डोळ्याची डायॉप्टरची रिंग (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायची) ढिली आहे. ती कशी लावायची ते आधी, कारण कागदावर धड लिहिलेलं नाही. उजवा डोळा मिटायचा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायचं, मग डावा मिटून मधल्या चाकाला हात न लावता फक्त ती रिंग फिरवून उजव्याला. एकदा लावली की परत हात लावायची गरज नसते, पण हिची रिंग पिशवीत ठेवताना-काढताना आपोआप फिरते. मग अर्धा तास डोकं दुखेपर्यंत कळत नाही की काय बिनसलंय. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं, कृपया लेन्स मऊ कापडाने पुसावी. परत लिहिलं, परत तेच उत्तर. शेवटी मी चिकटपट्टी लावली.

बॉक्सवर जवळचा फोकस ३ मीटर लिहिलाय, मी टेपने मोजलं तर साडेतीनला कुठे स्पष्ट होतं. खिडकीतल्या कावळ्यासाठी म्हणून काही उपयोग नाही. चष्मेवाल्यांनी आयकप फिरवून आत ढकलावे, मला चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो, कडा कापली जात नाही, हा मोठा प्लस. आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतून धुकं येत नाही हे खरं निघालं, पण चहाच्या वाफेने बाहेरून येतं, तो दोष माझा. पट्टा भिकार, मान कापते, सासूबाईंनी जुन्या ओढणीचा शिवून दिला.

हो, आणि पुढच्या भिंगाची रबरी झाकणं नुसती अडकवलेली आहेत, घट्ट नाहीत. एक झाकण जानेवारीत गॅलरीच्या कठड्यावर काढून ठेवलं आणि आत फोन घ्यायला गेले. तेवढ्यात बिस्किटवाला. डबक्यात बुडवून बघितलं त्याने, मऊ होईना, मग कौलांवर नेऊन वर पान ठेवलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. मांजाच्या दिवसाआधी लिहिलं असतं तर तीन दिले असते.

अपडेट, फेब्रुवारी: झाकण सुटं मिळत नाही असं कंपनीने कळवलंय, पूर्ण किट घ्यावं लागेल म्हणे, ९५० रुपये. कौलांवरचं पान वाऱ्याने उडालंय आणि झाकण गॅलरीतून स्वच्छ दिसतं, चाक एक वेढा फिरवलं की अगदी कंपनीचं नावसुद्धा वाचता येतं. बंगल्याच्या काकांना शिडीबद्दल विचारलंय, ते म्हणाले रविवारी बघू.