शिशाची वजने घरी ओतताना: साचा कोणता, मूठ कोणती

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर किंवा गोदावरीच्या पात्रात नियमित गळ टाकणाऱ्या माणसाची शिशाची वजने भराभर संपतात. पात्राचा तळ काळ्या खडकाचा आहे, आणि त्याच्या कपारीत वजन एकदा अडकले की दोरी तोडण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. मग केव्हातरी वजने घरीच ओतावीत असे वाटू लागते, आणि साचा कोणत्या धातूचा घ्यावा यावर माणूस आठवडे घालवतो. साचा ज्या मुठीने धरायचा तिचा विचार मात्र पैसे मोजून झाल्यावर येतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ओतकामातले निम्मे दोष साच्याच्या नव्हे, तर मुठीच्या पदरात घालावे लागतात, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. परदेशी संकेतस्थळांवर शिसे ओतण्याचे जे देखणे साचे दिसतात, त्यांपैकी पुष्कळसे बंदुकीच्या गोळ्यांचे असतात. 1959 च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हीदेखील येते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. तेव्हा ‘मला त्यात गळाची वजनेच तर ओतायची आहेत’ अशा समजुतीवर तसला साचा मागवू नये. गळाच्या वजनांचे साचे वेगळे मिळतात, आणि अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी (धातू कोरून आकार देणारे संगणकनियंत्रित) मशिन चालवणारा ओळखीचा माणूस असेल, तर ते हव्या त्या मापाचे करूनही घेता येतात.

आता धातूकडे वळू. शिसे 327 अंशांना वितळते आणि साधारण 350 ते 400 अंशांच्या दरम्यान ओतले जाते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, त्यामुळे साचाच विरघळेल ही नवख्याची भीती निराधार आहे. खरा फरक वजनाचा आणि उष्णता वाहून नेण्याचा आहे. साच्याची दोन्ही अर्धुके (एकमेकांवर मिटणारे दोन अर्धे भाग) मिळून 75 मिलिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच असा ठोकळा धरला, तर तो ॲल्युमिनियमचा असल्यास सुमारे अर्धा किलो भरतो, बिडाचा सुमारे 1 किलो 350 ग्रॅम, आणि पितळेचा 1 किलो 600 ग्रॅमच्या आसपास. हा भार टेबलावर नसतो, मनगटापासून वीतभर पुढे लटकलेला असतो. पहिल्या दहा ओतण्यांत तो जाणवत नाही. चाळिसाव्या ओतण्याला हात थरथरू लागतो आणि धार साच्याच्या तोंडावरून बाजूला जाते.

ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे चौपट वेगाने उष्णता पसरवते. त्यामुळे साचा दोन-चार ओतण्यांतच कामाला लागतो, आणि डिसेंबरातल्या नाशिकच्या गार सकाळी ही गोष्ट फार मोलाची ठरते. उलट बाजूही आहे. मध्येच चहाला उठलात तर तो तितक्याच लवकर थंड होतो, आणि परतल्यावरची पहिली दोन वजने सुरकुतलेली निघतात. बीड तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की तापमान धरून ठेवते, आणि त्याच्या कडा वर्षानुवर्षे झिजत नाहीत. ॲल्युमिनियमची कड मात्र नाजूक असते. अडकलेले वजन काढण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर घातला की तिथे कायमचा ओरखडा राहतो, आणि पुढच्या प्रत्येक वजनावर त्याची खूण उमटते.

पितळेचा मोह नाशिककराला चटकन होतो, कारण भांडी बाजारात लहानपणापासून फिरलेल्या माणसाला पितळेचा भरवसा वाटतो. पितळ उष्णता चांगली धरते, त्यावर बारीक काम सुबक होते, ते गंजत नाही. परंतु शिशात कथील मिसळलेले असेल आणि साच्याच्या आत चुकून फ्लक्सचा (धातू स्वच्छ करून जोड धरवणाऱ्या द्रव्याचा) अंश गेला, तर डाग दिल्यासारखे ते पितळेला चिकटून बसते. भंगारातल्या शिशात डागकामाचे कथील हमखास निघते. त्यामुळे पितळेचा साचा मी दुसरा साचा म्हणून सुचवेन, पहिला म्हणून नाही.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस, लाकूड आणि कोरलेला शंखजिऱ्याचा दगड यांविषयी थोडक्यात सांगतो. लाकूड चार-सहा ओतण्यांत कोळसा होते. शंखजिरे चांगले टिकते, पण दोन अर्धुके तंतोतंत जुळवणे हे कारागिराचे काम आहे. प्लॅस्टर वरून वाळलेले दिसले तरी आत ओल धरून असते, आणि पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढते. ती वाफ वितळलेल्या शिशाखाली कोंडली, तर शिसे तोंडावर उडते. पावसाळ्यात नाशिकला प्लॅस्टरचा साचा वापरणे मी मूर्खपणाच समजतो.

आता मुठीविषयी. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात साचा सांडशीसारख्या दोन दांड्यांना कायमचा जोडलेला असतो. दुसऱ्यात दांड्या सुट्या असतात आणि बोल्टने साच्याला बसवतात, म्हणजे मुठींची एकच जोडी चार साच्यांना पुरते. तिसऱ्यात मूठच नसते. दोन अर्धुके पिनांवर जुळवायची आणि सी-क्लॅम्पने आवळायची. हा तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आहे आणि महिन्याला वीस-पंचवीस वजने ओतणाऱ्याला पुरेसाही आहे, मात्र प्रत्येक वेळी तापलेला क्लॅम्प सोडवावा लागत असल्याने कामाला वेग येत नाही.

माझा पहिला साचा पहिल्या प्रकारचा होता. ठोकळा उत्तम कातलेला, पण दांड्या त्याला पक्क्या वेल्ड केलेल्या, आणि टोकाला लाकडाच्या गुळगुळीत मुठी नुसत्या ठोकून बसवलेल्या. एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसले. एका दुपारी साचा उघडताना उजवी मूठ हातात राहिली आणि दांडी साच्यासकट फरशीवर पडली. ठोकळ्याची एक कड जेमतेम अर्धा मिलिमीटर दबली असेल. त्या दिवसापासून त्या खोबणीतून निघणाऱ्या प्रत्येक वजनाला शिशाचा पातळ पापुद्रा येतो, आणि तो चाकूने तासत बसावे लागते. दांडी वेल्ड केलेली असल्यामुळे नवी मूठ बसवण्यासाठी अख्खा साचा वर्कशॉपात न्यावा लागला, ते वेगळेच.

म्हणून मी सुट्या मुठीच्या बाजूने आहे, पण ती नीट पारखून घ्यावी. लाकूड बाभळीचे असावे, दांडी लाकडातून आरपार जाऊन मागे नटने धरलेली असावी, आणि पुढच्या तोंडाला, पटाशीच्या मुठीला असते तशी, धातूची कडी असावी. निव्वळ लोखंडी मुठीवर रबराची नळी चढवून देणारेही आहेत. ती नळी तासाभरात मऊ पडते आणि हाताला वास राहतो. साचा मिटल्यावर दोन्ही मुठींमध्ये बोट चिमटणार नाही इतके अंतर उरते का, हे दुकानातच पाहावे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, साचा दांड्यांमध्ये किंचित सैल असला पाहिजे. दोन अर्धुके एकमेकांवर बसतात ती पिनांमुळे, हाताच्या जोरामुळे नव्हे. बोल्ट शेवटपर्यंत आवळला तर दांड्यांचा वाकडेपणा साच्यात उतरतो आणि पिना जबरदस्तीने घुसू लागतात. हाताने हलवल्यावर ठोकळा जरासा डुगडुगावा आणि मिटताना आपसूक जागेवर बसावा. मिटलेला साचा उजेडासमोर धरावा; फटीतून प्रकाशाची रेघ दिसली तर तो घेऊ नये. ॲल्युमिनियममध्ये थेट पाडलेले आटेही लवकर झिजतात, म्हणून साचा करून घेत असाल तर बोल्टाच्या आणि पिनांच्या जागी पोलादी बुश (नळीसारखे अस्तर) घालायला सांगावे. तेवढा जादा खर्च पहिल्याच वर्षी वसूल होतो.

खोबण्या किती असाव्यात हे काय ओतायचे त्यावर ठरते. 50 ग्रॅमच्या एका वजनाला जेमतेम साडेचार घनसेंटिमीटर शिसे लागते, त्यामुळे दोन खोबण्यांचा साचा पळीच्या एका भरण्यात सहज पुरा होतो. पागेराच्या (फेकून टाकायच्या जाळ्याच्या) घेराला लागणारे भोकाचे मणी ओतायचे असतील तर संख्या शेकड्यांत जाते, आणि तिथे आठ-दहा खोबण्यांचा बिडाचाच साचा घ्यावा; तो हातात न धरता टेबलावर ठेवून ओतावा, म्हणजे वजनाचा प्रश्नच उरत नाही. मण्यांतून जाणारी सळई स्टेनलेस स्टीलची आणि एका टोकाला किंचित निमुळती असावी, आणि शिसे कोमट असतानाच ओढून काढावी, कारण थंड होताना ते आकसून तिला घट्ट पकडते.

शिशाचा विषारीपणा हा तुलनेचा विषय नाही, पण त्याचा निवडीवर परिणाम होतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, आणि लहान मुलांना त्याचा सर्वाधिक अपाय होतो. ओतकाम उघड्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. स्वयंपाकघरातले भांडे त्यासाठी घेऊ नये, आणि जुन्या बॅटऱ्या तर मुळीच फोडू नयेत. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी कथील-बिस्मथ मिश्रणाचा जरूर विचार करावा. 58 टक्के बिस्मथ असलेले हे मिश्रण 138 अंशांनाच वितळते, त्याला उष्णता सोसणारा सिलिकॉनचा साचाही चालतो, आणि मुठीची सगळी कटकट तिथेच संपते. ते महाग आहे आणि शिशापेक्षा हलके आहे, म्हणून तेवढ्याच वजनासाठी आकार मोठा होतो. ब्रिटनमध्ये 1987 पासून गळाच्या लहान शिसे-वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, ती पाणपक्षी ती वजने खड्यांसोबत गिळतात म्हणून. याच गोदावरीवर खाली नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे, हे आपल्यालाही विसरून चालणार नाही.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला माझा सल्ला दोन खोबण्यांच्या ॲल्युमिनियमच्या साच्याचा आणि बाभळीच्या सुट्या मुठींचा आहे. बजेट अपुरे पडत असेल तर एका खोबणीचा साचा घ्यावा, पण मुठीत काटकसर करू नये. नवा साचा आला की यंत्रकामाचे तेल साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावा, आणि खोबणीला मेणबत्तीच्या ज्योतीची हलकी काजळी धरावी.

बिडाचा घेतलाच, तर जून ते सप्टेंबर तो कपाटात नुसता ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी ओतलेले शेवटचे वजन न काढता तसेच आत राहू द्यावे, बाहेरून तेलाचा हात फिरवावा, आणि मुठी सोडवून कोरड्या जागी वेगळ्या ठेवाव्यात.