झूम एच-१ एसेन्शियल : बँजो-डीजेवरच्या शॉर्ट फिल्मसाठी घ्यावा का?

बँजो पार्ट्या, डीजे, रील्समुळे पुन्हा वाजू लागलेली कोळीगीतांची रीमिक्स. मास मीडियाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. बजेट मात्र गिंबल आणि भाड्याच्या लेन्सवर संपतं, आणि आवाजाचा प्रश्न आला की 'फोन आहे ना' या उत्तरावर मिटतो. फोनचा माइक स्वतःच लेव्हल वरखाली करत असतो. ताशाची एक थाप पडली की गर्दी, शिट्ट्या, गाणं सगळं क्षणभर दबतं आणि परत वर येतं. संगीतावरच्याच फिल्ममध्ये हे दोन मिनिटंही ऐकवत नाही. म्हणून वेगळा रेकॉर्डर हवा, आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपणाऱ्यांत सध्या पहिलं नाव निघतं ते झूमच्या एच-१ एसेन्शियलचं.

२०२४ साली आलेल्या या मॉडेलवर गेनचं (माइकचा सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारं) बटणच नाही. हा फक्त ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे मोठ्या आवाजालाही फाइल फुटत नाही अशा प्रकारात, रेकॉर्ड करतो. आत सिग्नलचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर आहेत, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, त्यामुळे लेव्हल आधी ठरवायची गरज उरत नाही. झूमच्याच जुन्या एच-१एन मॉडेलवर गेनसाठी शून्य ते दहाची चकती होती. गल्लीत शिरताना ती तीनवर ठेवायची, मुलाखतीला सहावर न्यायची, आणि परत मिरवणुकीत येताना नेमकी तिथेच विसरायची. ती भानगड इथे संपली.

दुकानदार इथेच थांबतो. पुढचं तो सांगत नाही. फ्लोट फाइल फुटत नाही हे खरं, पण त्याच्या आधी माइकची कॅप्सूल (आवाज प्रत्यक्ष पकडणारा भाग) आहे आणि तिची मर्यादा १२० डेसिबल. एच-१एनची मर्यादाही तेवढीच होती. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्याला 'डॉल्बी' म्हणतात (त्या नावाच्या कंपनीचा याच्याशी काडीचा संबंध नाही), त्या स्पीकरच्या भिंतीसमोर मीटरभर अंतरावर थापेचा शिखर-आवाज १२० ओलांडू शकतो. तिथे कॅप्सूलच दमते आणि फाटलेलाच आवाज फ्लोटमध्ये अगदी प्रामाणिकपणे साठवला जातो.

फाइल फुटली की माइक, हे ओळखायला सोपं आहे. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. वेव्हफॉर्म वरून-खालून कापल्यासारखा दिसला तर घाबरू नका, अॅम्प्लिफाय इफेक्टमध्ये उणे १५ डेसिबल द्या. टोकं गोलसर होऊन खाली आली तर सगळं शाबूत आहे. लहान होऊनही पट्टीने कापल्यासारखी सपाटच राहिली तर फाटलं ते माइकपाशीच, आणि त्यावर इलाज नाही.

त्यामुळे जागा महत्त्वाची. एकट्या स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरची उंच भिंत असेल तर जवळच्या पट्ट्यात ३च्याच आसपास. मागे सरकूनही फरक पडत नाही असं वाटतं ते त्यामुळेच. निदान १५-२० मीटर मागे जा, समोर न राहता तिरकं उभं राहा, आणि दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या बोळापेक्षा नाका किंवा चौक निवडा. फोनवरच्या डेसिबल अॅपवर विसंबू नका. एवढ्या आवाजात फोनचा माइक स्वतःच तुंबतो आणि आकडा कमी दाखवतो. इअरप्लग विसरू नका. रेकॉर्डरला १२०ची मर्यादा आहे, कानांना त्याहून कमी.

मागे सरकण्याची किंमत सिंकमध्ये, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवताना, मोजावी लागते. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटरवर आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास दीड फ्रेमचा फरक. कॅमेरा ढोलकीवाल्याच्या हातावर आणि रेकॉर्डर नाक्यावर असेल तर रेकॉर्डरपाशी वाजवलेल्या टाळीवर सिंक करूनही थाप उशिराच ऐकू येते. अशा शॉटमध्ये टाळी सोडा, हात कातड्यावर पडतो ती फ्रेम बघून ऑडिओ तेवढा आधी, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे ओढा. शिवाय रेकॉर्डर आणि फोन यांची घड्याळं वेगळी. अर्ध्या तासाच्या सलग टेकमध्ये तीही एखाददुसऱ्या फ्रेमने फाकतात. पाच-सात मिनिटांचे तुकडे घ्या.

वरचे दोन माइक ९० अंशांत एकमेकांवर तिरके बसवलेले आहेत. त्यातून स्टिरिओ छान येतो, आणि फिल्ममध्ये तोच नडतो. शॉट बदलला की ताशा डावीकडून उजवीकडे उडी मारतो. उपाय जुनाच आहे. रेकॉर्डर एका जागी ठेवून तीन-चार मिनिटांचा अखंड आवाज घ्या, तो सगळ्या कटांखाली पसरा, आणि जवळच्या शॉटचे आवाज मोनो करून त्यावर ठेवा. हा अखंड आवाज संध्याकाळीच उरकून घ्या. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद होतात, आणि सरकारने १२ पर्यंत सूट दिलेले दिवस वर्षात मोजकेच असतात.

हातात धरून रेकॉर्डिंग करायचा मोह टाळा. अंग प्लॅस्टिकचं आहे, अंगठा सरकला तरी कुरकुर उमटते. छोट्या ट्रायपॉडवर चढवा आणि ट्रायपॉडच मूठ म्हणून वापरा. वाऱ्यासाठी केसाळ विंडस्क्रीन वेगळी घ्यावी लागते, आणि गिरगाव चौपाटीवर तिच्याशिवाय उभं राहण्यात अर्थ नाही. वाऱ्याची भकभक फ्लोटमधूनही जात नाही.

मुलाखतीला अंगभूत माइक फार तर कामचलाऊ म्हणता येतील. शांत खोलीत त्यांची सळसळ ऐकू येते. तोंडापासून वीत-सव्वा वीत अंतरावर ठेवला तर चालतो, पण मग तो फ्रेममध्ये दिसतो. साडेतीन मिमीच्या खाचेत कॉलर माइक लावणं बरं. तो लावला की वरचे माइक बंद होतात, म्हणजे दोन्ही एकदम मिळत नाहीत. फोनसाठीच्या कॉलर माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, इथे दोन रेघांची पिन लागते. बोयाच्या बीवाय-एम१ सारख्या माइकवर स्विच असतो, तो कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवा आणि आत एलआर४४ सेल आहे ना ते बघा. बँजो मास्टर बोलत असताना मागे गाणं वाजू देऊ नका. वातावरण म्हणून गोड वाटतं, पण वाक्य कापलं की गाणंही तुटतं, आणि यूट्यूबवर टाकल्यावर कॉन्टेंट आयडी (कॉपीराइटची गाणी ओळखणारी त्यांची यंत्रणा) तेच गाणं पकडतं. मुलाखत कोरडी घ्या, गाणं नंतर घाला किंवा काढा.

सगळ्यात जास्त पोळतात ते मिक्सरमधून थेट आवाज घेताना. बँजो (म्हणजे पिकअप लावलेलं बुलबुलतरंग), ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड मिक्सरला जोडलेलेच असतात, तेव्हा साउंडवाल्याकडे एक आउटपुट मागावासा वाटणारच. तो देतोही. पण एका मोठ्या एक्सएलआरला (मिक्सरचा तीन पिनांचा गोल जोड) साडेतीन मिमीची स्टिरिओ पिन असलेली साधी केबल लावली तर डाव्या कानात सिग्नल आणि उजव्यात त्याचाच उलटा सिग्नल जातो. हेडफोनवर 'किती मोकळा आवाज' असं वाटतं. तीच फिल्म फोनच्या एका स्पीकरवर लावली की दोन्ही एकमेकांना खातात आणि बँजो गायब! अशी फाइल हाती आली असेल तर एक चॅनल फेकून द्या आणि उरलेला मोनो करा, काम भागतं. दुसरी गोष्ट, मिक्सरचा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा खूप तगडा असतो. मध्ये २०-२५ डेसिबल उतरवणारी अॅटेन्युएटर केबल हवीच. इनपुटचं सर्किट भरलं की फ्लोटचा उपयोग शून्य, कॅप्सूलसारखंच.

एडिटला बसण्याआधी एक काम करा. ४८ किलोहर्ट्झची फ्लोट स्टिरिओ फाइल मिनिटाला २३ एमबी, तासाला सुमारे १.४ जीबी होते. ९६ ठेवलंत तर दुप्पट, आणि फिल्मसाठी ९६ची गरज नाही. फोनवरची एडिटिंग अॅप्स फ्लोट फाइल नीट घेतीलच असं नाही. काही ती आधी साध्या फाइलमध्ये बदलतात आणि शून्य डेसिबलच्या वरचं सगळं कापतात. म्हणून ऑडॅसिटीत नॉर्मलाइज करून सगळ्यात मोठा आवाज उणे ३ डेसिबलवर आणा, २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्ही काढा, आणि तीच एडिटमध्ये टाका. मुलाखतीला ८० ते १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जाचे आवाज कापणारा फिल्टर) द्या. मिरवणुकीला देऊ नका, ढोलाचा दणका तिथेच असतो.

बॅटरीची तक्रार नाही. दोन ट्रिपल-ए सेलवर कंपनी दहा तास सांगते. रिचार्जेबल सेल घातले तर मेन्यूत प्रकार बदला, नाहीतर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो. यूएसबी-सीमुळे पॉवर बँकही चालते. होल्डची कळ लावल्याशिवाय खिशात ठेवू नका. मायक्रो-एसडी १ टीबीपर्यंत चालतं, पण ३२ जीबीचं कार्ड ४८ किलोहर्ट्झवर वीसेक तास पुरतं.

कॉलेजच्या कपाटात एच-१एन पडला असेल तर हा घेऊ नका. गेन सांभाळून वापरला तर मिरवणुकीत दोघांच्या फाइलमध्ये फरक सांगणं अवघड, कारण दोघांची कॅप्सूल १२०लाच अडते. त्या पैशात एक चांगला कॉलर माइक, विंडस्क्रीन आणि अॅटेन्युएटर केबल येते. जवळ काहीच नसेल, आणि एकच जण कॅमेरा, आवाज आणि प्रश्न विचारणं असं तिन्ही करणार असेल, तर मात्र हाच घ्या. गेनकडे बघायला त्याला वेळ मिळणार नाही.