इन्फॉर्म ६ आणि फ्रॉट्झ: काही महिने वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून इन्फॉर्म ६ या प्रोग्रॅमिंग भाषेत एका जुन्या वाड्याचा टेक्स्ट गेम बनवतोय. खेळाडूनं मराठीत हुकूम टाइप करायचे. सगळं काम टर्मिनलमध्येच, कोड कंपाइल केला की तयार फाइल फ्रॉट्झमध्ये, म्हणजे असे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडायची. ग्रॅहॅम नेल्सन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं इन्फॉर्म हे साधन झेड-मशीनसाठी फाइल बनवतं. हे आभासी यंत्र इन्फोकॉम या गेम कंपनीवाल्यांनी १९७९ मध्ये आखलं, त्यांचा 'झॉर्क' हा टेक्स्ट गेम घरगुती संगणकात मावावा म्हणून. झेड-५ फाइलला (झेड-मशीनच्या पाचव्या आवृत्तीच्या) २५६ केबीची मर्यादा आहे. माझा वाडा परसासकट त्यात आरामात बसतो.

इन्फॉर्मच्या तयार कोडच्या लायब्ररीत खोल्या, दारं, कुलपं, उजेड-अंधार सगळं आयतं मिळतं. वस्तूला प्रकाशाचा गुण लावला की झाला कंदील. तो बंद पेटीत ठेवून तळघरात उतरलात तर मिट्ट काळोख, पण पेटी पारदर्शक असेल तर दिसतं! सेव्ह आणि अन्डूसाठी एक ओळही लिहिली नाही. एरर मात्र वैताग आणतात. एक अर्धविराम राहिला की खालच्या धड ओळींवरही तक्रारींची रांग लागते.

खरी कसरत मराठीची. पार्सरला, म्हणजे हुकमाचा अर्थ लावणाऱ्या भागाला, क्रियापद आधी हवं, आपण म्हणतो 'पेटीत किल्ली ठेव'. सुदैवानं टाइप केलेली ओळ पार्सरकडे जाण्याआधी आपल्या रूटीनमधून नेता येते. तिथे मी 'ठेव' पुढे आणतो, 'पेटीत'मधला 'त' सुटा करतो. सामान्यरूपं मात्र हातानंच भरायची: घोडा, घोड्या, घोड्यां... प्रत्येक वस्तूला हेच.

गेम रोमन लिपीत ठेवावा लागला. गेमचा शब्दकोश शब्दाच्या पहिल्या नऊ जागाच बघतो, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह त्यातल्या चार खातं. गंमत म्हणजे या काटछाटीमुळे रोमनमधले 'जिन्याखालचा' आणि 'जिन्याखालची' त्याला सारखेच, लिंगाची कटकट परस्पर मिटली. देवनागरीच हवी तर अँड्र्यू प्लॉटकिन यांचं ग्लुल्क्स हे दुसरं आभासी यंत्र युनिकोड सांभाळतं, पण बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात ती फुटतातच.

चाचणीसाठी डीफ्रॉट्झ, म्हणजे फ्रॉट्झची नुसता मजकूर छापणारी साधी आवृत्ती, घ्याच. हुकमांची फाइल त्याला द्यायची आणि आलेलं उत्तर कालच्या उत्तराशी डिफनं, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं, ताडायचं. माझ्या वाड्यात एक मांजर मनाला येईल तिथे भटकतं, म्हणून रँडमचं सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) पक्कं करून चालवतो. नाहीतर डिफमध्ये मांजराशिवाय काही दिसत नाही.