उतारा खरा, मशीन खरं, घड्याळ बनावट: पाटेक 3970 च्या व्यवहारातली फसवणूक

पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं 3970 हे मॉडेल, प्लॅटिनमची केस, काळी तबकडी. सोबत मूळ डबा आणि कंपनीच्या अर्काइव्हमधला उतारा. पुण्यातल्या एका जाणत्या संग्राहकाने दुबईतल्या एका विक्रेत्याकडून हे घड्याळ घेतलं. उतारा अस्सल होता, आतलं मशीनही पाटेकचंच होतं. तरीही घड्याळ बनावट निघालं. बाजारात मिळणाऱ्या ‘फर्स्ट कॉपी’शी या प्रकाराचा काही संबंध नाही. इथे फसतो तो अभ्यास करून आलेला माणूस, म्हणून सगळं तपशिलात लिहायला हवं.

सापळ्याची सुरुवात निवडीपासूनच झाली. परपेच्युअल कॅलेंडर (महिन्यांचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारं) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) एकाच केसमध्ये हवे होते, आणि यादीत तीन घड्याळं होती. पहिलं आयडब्ल्यूसीचं दा विंची, 1985 चं. कंपनीचे घड्याळजी कुर्ट क्लाउस यांनी व्हॅल्ज्यू 7750 या दणकट मशीनवर कॅलेंडरचं मोड्यूल बसवलं. सालाचे चारही आकडे दिसतात आणि सगळं कॅलेंडर एकट्या क्राउनने (कडेच्या चावीच्या गुंडीने) पुढे सरकतं. दुसरं ए. लांगे उंड झ्योनेचं डॅटोग्राफ परपेच्युअल, 2006 चं: फ्लायबॅक (चालू क्रोनोग्राफ एका दाबात शून्यावरून पुन्हा सुरू), मोठी तारीख, आणि मिनिट मोजणारा काटा नेमका साठाव्या सेकंदाला उडी मारतो. तिसरं 3970, 1986 ते 2004 या काळातलं, 36 मिमी. त्याचं मशीन लेमानिया कंपनीच्या 2310 या मशीनच्या पायावर उभं आहे. पाटेकने ते आपल्या पद्धतीने घडवलं आणि सीएच 27-70 क्यू असं नाव दिलं.

मोजून पाहिलं तर तिघांत मुख्य सोयी जवळपास सारख्याच. तरी किमतीत कित्येक पटींचा फरक आहे आणि त्याला कारणं आहेत. 7750 मध्ये क्रोनोग्राफ कॅम या साध्या भागावर चालतो, 3970 मध्ये कॉलम व्हील या घडवायला अवघड चाकावर. पाटेकच्या मशीनमधल्या पट्ट्यांच्या (ब्रिजच्या) कडा हाताने उतरवलेल्या असतात. लांगेचं मशीन मुळापासून त्यांचंच आहे, आणि नुसतं यंत्र म्हणून बघितलं तर माझ्या मते तिघांत तेच सरस. 3970 घेणारा मात्र 1941 च्या 1518 या मॉडेलपासून 2499 मार्गे आलेली परंपरा घेत असतो, शिवाय 36 मिमीत बसवलेलं ते प्रमाण.

अशी तुलना करताना एक गोष्ट हमखास सुटते. एकाच संदर्भ क्रमांकाच्या घड्याळांत किमतीची दरी किती, हे कुणी बघत नाही. पिवळ्या सोन्यातलं 3970 आणि प्लॅटिनममधलं, दुर्मीळ तबकडीचं 3970, दोघांचं मशीन एकच. भाव मात्र दुप्पट-तिप्पट. म्हणजे पिवळ्या सोन्याचं खरं घड्याळ विकत घेऊन त्याचं मशीन दुसऱ्या केसमध्ये घातलं, तरी ठगाच्या हाती भरपूर पैसे उरतात. या व्यवहारात नेमकं तेच केलेलं होतं.

रचना अशी. लिलावगृहांच्या कॅटलॉगमध्ये घड्याळाच्या मशीनचा आणि केसचा क्रमांक बऱ्याचदा छापलेला असतो. खऱ्या प्लॅटिनम 3970 चे क्रमांक तिथून उचलले. त्याच क्रमांकांवर पाटेककडे उतारा मागितला. कंपनी उतारा देते तो आपल्या नोंदवहीवरून: या क्रमांकाचं मशीन, या क्रमांकाच्या केसमध्ये, अमुक साली तयार झालं, अमुक तारखेला विकलं गेलं. घड्याळ समोर ठेवून तपासलेलं नसतं. सातबारा खरा असला तरी दलालाने दाखवलेला प्लॉट त्याच गटातला आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. हा उताराही तसाच. मूळ सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मात्र कंपनी घड्याळासोबत एकदाच देते, पुन्हा काढून देत नाही. म्हणूनच ‘ओरिजिनल हरवलं, पण अर्काइव्हचा उतारा आहे ना’ हे वाक्य कानावर आलं की तपासणी दुप्पट कडक करायची.

पुढचं काम कारागिराचं. मशीनवरचा मूळ क्रमांक घासून नवा कोरला. पांढऱ्या सोन्याची केस बनवून तिच्यावर केसचा क्रमांक आणि ठसे मारले. तबकडी खरवडून काळी केली. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत कॅलेंडर मध्यरात्री बरोबर बदलत होतं, क्रोनोग्राफ कुरकुर न करता सुटत होता. खरं मशीन आहे म्हटल्यावर ते चालणारच. खरेदीदार नेमका याच चाचणीवर विसंबला.

भांडं फुटलं ते ठशावरून. स्वित्झर्लंडमध्ये मौल्यवान धातूच्या केसवर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा सामाईक ठसा 1 ऑगस्ट 1995 पासून मारतात. उताऱ्यावर निर्मितीचं साल होतं 1992, आणि केसवर कुत्रा. कंपनीने नंतर केस बदलून दिली असती तर तसं सांगणारं सर्व्हिसचं बिल असायला हवं होतं. ते नव्हतं. मग मशीन भिंगाखाली घेतलं. क्रमांकाभोवतीच्या भागात पट्टीवरच्या जिनिव्हा रेघा (सजावटीच्या समांतर रेघा) पुसट झाल्या होत्या आणि तो भाग किंचित खोलगट होता. मूळ क्रमांक असेल तर रेघा आकड्यांपर्यंत एकसारख्या यायला हव्यात.

धातूची परीक्षा दोन प्रकारे करावी लागते. हॉलमार्किंग केंद्रात किंवा झवेरी बाजारात एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर) मिनिटभरात धातू कळतो, पण ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर चुकीचं उत्तर येऊ शकतं. त्यामुळे घनताही काढायची: काच, गॅस्केट आणि बटणं काढलेली रिकामी केस हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची, आणि हवेतलं वजन दोन वजनांतल्या फरकाने भागायचं. 950 प्लॅटिनमचं उत्तर 20 च्या वर येतं, 18 कॅरेट पांढऱ्या सोन्याचं साधारण 15-16. इतकी दरी कुठलाही मुलामा झाकू शकत नाही. केस रिकामी करायचं काम मात्र अशी घड्याळं उघडणाऱ्या घड्याळजीकडूनच करून घ्यायचं.

तबकडीसाठी दहापट भिंग पुरतं. बारा वाजताच्या खाली वार आणि महिन्याच्या दोन खिडक्या असतात, त्यांच्या कडांवर रंग साचलेला दिसला, किंवा आकड्यांच्या खुणांच्या बुडाशी रंगाची कड उभी राहिली, तर तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. छोट्या वर्तुळांतल्या रेघा मध्याशी समान अंतरावर आहेत का, तेही बघायचं. 3970 मध्ये तीनच्या वर्तुळात लीप वर्षाची खूण असते आणि नऊच्या वर्तुळात 24 तासांची. दोन्ही 2499 मध्ये नव्हत्या. या खुणा नुसत्या रंगवलेल्या आहेत की काटे खरोखर फिरतात, हे आधी पाहायचं.

पूर्ण बनावट मशीन ओळखणं तुलनेने सोपं आहे. सीएच 27-70 क्यू तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. नकलेत चिनी एसटी19 मशीन असेल तर टाइमग्राफरवर (ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर) 21,600 दिसेल, 7750 ची नक्कल असेल तर 28,800. घड्याळ टाइमग्राफरच्या माइकवर ठेवल्याच्या पहिल्या मिनिटातच हे कळतं, झाकण उघडावं लागत नाही. झाकण उघडलं तर बॅलन्सकडे, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाकडे बघा. पाटेकच्या जायरोमॅक्स बॅलन्सला वेग कमी-जास्त करायची सुई नसते, चाकाच्या कडेवर छोटी वजनं असतात. सुई दिसली की विषय संपला. मशीनवर जिनिव्हा सीलचा (जिनिव्हाच्या दर्जाखुणेचा) ठसाही हवा. पाटेकने स्वतःचं सील 2009 मध्ये आणलं, त्यामुळे 2004 पर्यंतच बनलेल्या 3970 मध्ये ते असण्याचं कारण नाही.

कॅलेंडरची चाचणी विक्रेत्यासमोर, स्वतःच्या हाताने करायची. काटे दुपारी बाराच्या आसपास ठेवायचे. रात्री आठ-नऊ ते पहाटे तीन या वेळात कडेची दडलेली बटणं दाबली तर कॅलेंडरचे दात मोडू शकतात. बटणं घड्याळासोबतच्या बोथट काडीनेच दाबायची, सुईने कधीच नाही. फेब्रुवारी 28 लावून, लीपची खूण 1 वर असताना क्राउनने मध्यरात्र ओलांडली तर 1 मार्च यायला हवा. खूण 4 वर असेल तर 29 फेब्रुवारी. चक्र 48 महिन्यांचं असल्यामुळे महिन्याचं बटण बऱ्याच वेळा दाबावं लागतं, कंटाळू नका. ‘मशीन जुनं आहे, उगाच ताण नको’ म्हणून विक्रेता थांबवत असेल तर घड्याळ तिथेच ठेवून निघा. तिथेच टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (बॅलन्सचा झोका मोजायला लागणारा, मशीनगणिक ठरलेला कोन) त्या मशीनचाच भरायला सांगा. चुकीचा आकडा भरला की थकलेलं मशीनही तंदुरुस्त दिसतं.

दा विंचीतला फसवा प्रकार वेगळा, पण तोही महागात पडतो. त्याचं कॅलेंडर मागे फिरत नाही. कुणी चुकून साल पुढे नेलं असेल तर घड्याळजीने उघडून दुरुस्त करावं लागतं. विक्रेता असं घड्याळ ‘चावी संपलीय’ म्हणून बंद ठेवतो आणि फोटोत सालाची खिडकी काट्याआड राहते. म्हणून साल वाचता येईल असाच फोटो मागायचा. 2200 पासून पुढच्या शतकांची पट्टी काचेच्या नळीत मूळ सामानासोबत मिळायची, ती आहे का तेही विचारा.

मोठ्या लिलावगृहात घेतलं म्हणजे धोका संपला, असं मानू नका. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हातल्या फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचं स्पीडमास्टर 2915-1 तीस लाख फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. 2023 मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या सुट्या भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात कंपनीचे माजी कर्मचारी सामील होते. संग्राहक अशा घड्याळाला ‘फ्रँकन’ म्हणतात.

आता पैशांचा भाग, कारण फसवणूक टिकते ती याच्यावर. विक्रेत्याने भाव बाजारापेक्षा थोडाच कमी सांगितला, कारण फार स्वस्त सांगितलं असतं तर संशय आला असता. टोकन घेतलं, उरलेल्यातली मोठी रक्कम मुंबईत रोख मागितली, आणि घड्याळ ‘हातात घालून या, कस्टमला कोण बघतंय’ असा सल्ला दिला. हा सल्ला प्रेमाने दिलेला नव्हता. सीमाशुल्क चुकवून आणलेल्या घड्याळाचं आयातीचं कागदपत्र नसतं, रोख रकमेची पावती नसते, आणि खरेदीदार पोलिसांकडे जायला कचरतो. ठगाला हेच हवं असतं. आपल्याकडे 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे. 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर) घ्यायचा असतो. बिल, पॅन, टीसीएस आणि बँकेतून पैसे, एवढं नीट असेल तर विक्रेत्याला मागाहून नामानिराळं होता येत नाही.

करारात एक अट लिहून घ्या: पैसे तिसऱ्याच्या ताब्यात राहतील आणि कंपनीच्या सर्व्हिस विभागाने घड्याळ अस्सल म्हणून स्वीकारल्यावरच विक्रेत्याला मिळतील. पाटेक 1839 पासूनच्या आपल्या घड्याळांची सर्व्हिस करते, त्यामुळे ‘इतकं जुनं ते घेत नाहीत’ हे खोटं आहे. तपासणीला महिने लागू शकतात. घाई असलेला विक्रेता इथेच गळतो.

व्हिडिओ मागताना एकच सलग मागा: तबकडी, मग कडा, मग मागची बाजू, मध्ये कट नको. दोन तुकडे आले तर समोरची बाजू एका घड्याळाची आणि मागची दुसऱ्याची असू शकते.

फसवणूक लक्षात आली तर घड्याळ कुणालाही उघडू देऊ नका. आहे त्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ठसे आणि क्रमांक जवळून घ्या, विक्रेत्याशी झालेले मेसेज निर्यात करून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवण्याची शक्यता राहते. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) (फसवणूक) खाली होते. घड्याळ जप्त होताना पंचनाम्यात मशीनचा क्रमांक, केसचा क्रमांक, ठशांचं वर्णन आणि वजन लिहून घ्या. पंचनाम्याची प्रत स्वतःकडे ठेवा.