ओपन वॉटर कोर्स: कार्ड मिळाल्यानंतरचे आठ महिने

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी मी 'पाडी' या स्कूबा डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर डायव्हर कोर्स पूर्ण केला आणि सर्टिफिकेटचं कार्ड मिळालं. आज लॉगबुकात १२ डाइव्ह आहेत: कोर्सच्या चार कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला, दोन मालवणला, सहा अंदमानात. कोर्स संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता पाऊस आहे, समुद्र बंद आहे, आणि काय अंगात मुरलं, पैसे कुठे सार्थकी लागले, हे नीट दिसतंय.

माझं वय ४६, राहायला दादरला, नोकरी बँकेत. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात मी वीस वर्षं पोहतेय, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे असं धरून चालले होते. कोर्सला लागणारं पोहणं खरंच फार नाही. न थांबता २०० मीटर, त्याला वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवायचं. अडचण पुढे आली, आणि पोहता येत होतं म्हणूनच आली. पोहणारा माणूस तोंड पाण्याबाहेर आलं की श्वास घेतो आणि आत गेलं की धरतो. स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीच धरायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास धरून वर आलात तर तिला वाट नसते आणि फुफ्फुसाला इजा होते. हे वाचून पाच मिनिटांत कळतं. पण पाण्याखाली मास्क उतरवला, नाकाला पाणी लागलं, की वीस वर्षांची सवय आधी जागी होते. हातांचंही तेच. पोहताना हात मारायचे, इथे ते पोटाशी घडी घालून ठेवायचे आणि काम फक्त फिन्सनी, म्हणजे पायातल्या वल्ह्यांनी, करायचं. माझे हात शांत व्हायला तीन रविवार लागले.

हे तीन रविवार मला मिळाले, हीच माझ्या मते या कोर्सची खरी किंमत. कारण त्याआधी मी शहरातल्याच दुसऱ्या एका क्लासला गेले होते. तिथे आम्ही आठ जण आणि शिकवणारा एक. नियमात ते बसत होतं, पण पूलमध्ये एकच संध्याकाळ ठेवलेली होती. मास्कमध्ये पाणी भरून ते बाहेर काढायचं, हा सगळ्यांत घाबरवणारा भाग. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन मिनिटं. माझा कान दुखतोय असं मी खुणेनं सांगितलं, तर खालीच थांबायची खूण आली. मी बाहेर आले, आठ हजारांचा आगाऊ भरणा सोडून दिला आणि चार दिवस कान बंद घेऊन कामावर गेले. त्या पैशांचं आता काही वाटत नाही. माझ्यासोबतचे सात जण तशाच तयारीनं समुद्रात उतरले असतील, याची काळजी मात्र अजून वाटते.

म्हणून कोणी विचारलं की मी किमतीआधी तीन गोष्टी विचारायला सांगते: एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी, पूलमध्ये किती दिवस, आणि एखादी गोष्ट जमली नाही तर जादा दिवस मिळतो का. आमच्या दुसऱ्या बॅचला आम्ही तिघंच होतो. मास्क उतरवायची वेळ आली की मी दोनदा, तीनदा वर यायचे. इन्स्ट्रक्टर दर वेळी माझ्यासोबत वर यायचे आणि म्हणायचे, "ताई, शाळा सुटायची घंटा वाजत नाहीये. परत करू." त्यांनीच घरचा अभ्यास दिला. बादलीत पाणी भरायचं, मास्क न लावता स्नॉर्केल (श्वासाची नळी) तोंडात धरून चेहरा बुडवायचा आणि नाक पाण्यात असताना फक्त तोंडानं श्वास घेत राहायचं. रोज पाच मिनिटं. आई बाथरूमच्या दाराशी उभी राहून विचारायची, "अगं, आहेस ना?" आठवड्याभरात नाकानं ऐकलं. त्यानंतर मास्क रिकामा करणं सोपं होतं: वरची कड कपाळाशी दाबायची, किंचित वर बघायचं, नाकानं सावकाश हवा सोडायची. हवा वर भरत जाते आणि पाणी खालून निघून जातं.

कानांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नव्या माणसाची डाइव्ह बहुतेकदा कानापाशी अडते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, आणि दुखायला लागण्याआधी फुंकायचं. पहिल्या काही मीटरांतच दाबाचा फरक सगळ्यांत जास्त जाणवतो, म्हणून तिथेच वारंवार करायचं. दुखलं की थोडं वर यायचं, मोकळं झालं की पुन्हा खाली. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. मालवणला मी याच कारणासाठी एक दिवस किनाऱ्यावर बसून काढला.

कागदपत्रांत आरोग्याचा फॉर्म गांभीर्यानं घ्या. ४५च्या पुढच्यांना जादा प्रश्न असतात. मी रक्तदाबाची गोळी घेते, त्यामुळे डॉक्टरांची सही लागली. आमच्या डॉक्टरांनी असा फॉर्म पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी स्ट्रेस टेस्ट करून मगच सही केली. यात आठवडा गेला. तो आधीच धरून ठेवा, आणि सही चुकवायला 'नाही' वर टिक करू नका.

मुंबईचा समुद्र आपल्या दाराशी आहे, पण खाड्यांचा गाळ आणि सांडपाणी यांमुळे शिकण्यासारखं पाणी इथे नाही. म्हणून पूल मुंबईत आणि समुद्राच्या चार डाइव्ह बाहेर. आम्ही कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेसनं मुरुडेश्वरला गेलो. तिथून बोटीनं नेत्राणी बेट. निघताना शंकराची प्रचंड मूर्ती बराच वेळ मागे दिसत राहते. पहिल्या डाइव्हला मी काहीच पाहिलं नाही. दोरी, इन्स्ट्रक्टरचे डोळे आणि हवेचा काटा, एवढंच. टँकमधल्या हवेच्या २०० बार दाबानं सुरुवात केली आणि २९ मिनिटांत ५० वर आले. सोबतच्या मुलाच्या टँकमध्ये निम्मी हवा शिल्लक होती.

तिसऱ्या डाइव्हला मात्र, साधारण १५ मीटरवर, मी थांबले. म्हणजे खरोखर थांबले: वर जात नव्हते, खाली जात नव्हते. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. यालाच न्यूट्रल बॉयन्सी म्हणतात. मग कानांवर बारीक कटकट आली. पोपटमासा खडकावरचं प्रवाळ कुरतडत होता. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं येतो, त्यामुळे कुठून येतोय ते कळत नाही. मी त्याला शोधत स्वतःभोवती फिरले. कपारीत एक गोबरा होता. जन्मभर दादरच्या बाजारात बर्फावर पाहिलेला मासा कल्ले हलवत माझ्याकडे बघत होता. त्याच्या पलीकडे तांबोशीच्या जातीतला एक, अगदी राखाडी. लाल रंग पाणी सर्वांत आधी गिळतं. इन्स्ट्रक्टरनी टॉर्च मारला आणि तो क्षणात लालभडक झाला. मला रडू आलं. मास्कमध्ये रडलं तरी चालतं. पाणी कसं काढायचं ते येत होतं.

आता कार्डाविषयी. ते १८ मीटरपर्यंत, बडीसोबत (जोडीदारासोबत) डाइव्ह करायची मुभा देतं आणि त्याची मुदत संपत नाही. पण कौशल्याची संपते. दोन महिन्यांनी मालवणला उतरले तेव्हा वजनपट्टा किती किलोचा लावला होता ते आठवेना, कारण लॉगबुकात लिहिलंच नव्हतं. आता प्रत्येक डाइव्हनंतर वजन, सूटची जाडी, सुरुवातीची आणि शेवटची हवा लिहिते. अंदमानात सलग सहा डाइव्ह झाल्या आणि तिथे कुठे शरीराला सावकाशी उमगली. शेवटच्या डाइव्हला तेवढ्याच खोलीवर, तेवढ्याच टँकमध्ये ४८ मिनिटं. तुम्हाला जमत असेल तर कार्डानंतर तीन-चार महिन्यांत अशी एक मोठी सहल धराच. नाहीतर कोर्सचे पैसे हळूहळू वाया जातात.

माझा खर्च पूल, कोर्स आणि मुरुडेश्वरचं राहणं धरून साधारण ३५ हजार झाला. सामान फक्त मास्क घेतला, आणि तो घेतलाच पाहिजे असं मी चष्मेवाल्यांना सांगेन. माझा नंबर उणे साडेतीन. काटे वाचता आले नाहीत तर सुरक्षितता कसली? नंबरच्या तयार काचा बसवता येतील असा मास्क मिळतो. नव्या मास्कच्या काचेवर सिलिकॉनचा थर असतो, तो टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं पडतं. बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट), रेग्युलेटर (टँकमधून श्वास घ्यायचं उपकरण), डाइव्ह कॉम्प्युटर भाड्यानं पुरेसे आहेत.

परतीचं गणित विसरू नका. अनेक डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास ठेवतात. अंदमानात मी शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवला. मालवणहून आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे यायचा विचार असेल तर तोही धरा, कारण आंबोली जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे. डाइव्ह करून लगेच घाट चढू नये; विमानासारखाच तिथेही हवेचा दाब कमी असतो. मी कोकण रेल्वेनं आले.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पूलमध्ये रिफ्रेशर ठरवलंय. तेव्हा माझी भाचीही येणार आहे. ती १२ वर्षांची, तिचा ज्युनियर कोर्स सुरू होईल, आणि कार्ड मिळाल्यावरही १५ पूर्ण होईपर्यंत तिला सर्टिफाइड मोठं माणूस सोबत लागेल. ते माणूस मी आहे. सध्या रोज संध्याकाळी ती आमच्या बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून बसते, आणि दाराशी आता मी उभी असते.