"तुमचा पीसी जुनाय सर" म्हणत म्हणत मला खोटं ग्राफिक्स कार्ड विकलं

सांगायला लाज वाटते पण सांगतो, कारण जुना डेस्कटॉप घेऊन बसलेला माणूस या लोकांचं आवडतं गिऱ्हाईक असतं, आणि ते का हे मला पैसे गेल्यावर कळलं.

माझा पीसी म्हणजे थर्ड जनरेशनचा आय-५ प्रोसेसर, ३०० वॉटचा पॉवर सप्लाय आणि मॉनिटर तोच जुना, व्हीजीए (जुन्या अ‍ॅनालॉग) वायरवाला. भाच्याचं गेमसाठी टुमणं चालू होतं, म्हटलं नवा पीसी कशाला, गेमची चित्रं सांभाळणारं एक ग्राफिक्स कार्ड टाकू. चार रात्री वाचून एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय नक्की केलं, कारण ते ७५ वॉटचं कार्ड, तेवढी पॉवर मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधूनच (कार्ड बसवायच्या खाचेतूनच) मिळते, म्हणजे वेगळी वायर नको, सप्लाय बदलायला नको. इथपर्यंत माझा अभ्यास बरोबर होता बरं का.

ऑनलाइन एकाकडे नवंकोरं ४ जीबीचं दिसलं, बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त. मेसेज टाकला की माझ्या मदरबोर्डला चालेल का, तर पाच मिनिटांत उत्तर, "चालेल सर, जुन्या पीसीसाठीच आहे, व्हीजीए पोर्टपण आहे, मॉनिटर बदलायची गरज नाही." मी खूश, जुन्या मॉनिटरसाठी लागणाऱ्या कन्व्हर्टरचा खर्च वाचला. तेव्हा हे माहीत नव्हतं की एनव्हिडियाने १० सिरीजमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुट काढूनच टाकलंय, खऱ्या १०५० टीआयला डीव्हीआय (मॉनिटरचा दुसरा एक पोर्ट) असला तरी तो फक्त डिजिटल असतो आणि व्हीजीए पोर्ट तर नसतोच. म्हणजे ज्या गोष्टीवर मी भाळलो तीच पुरावा होती, आणि ती जाहिरातीच्या फोटोत सगळ्यांसमोर दिसत होती!

कार्ड आलं तर त्याला ६ पिनचं पॉवर कनेक्टर. विचारलं तर म्हणे "ओव्हरक्लॉक मॉडेल आहे सर, सोबत मोलेक्स कन्व्हर्टर दिलाय तो लावा." म्हणजे सप्लायची जुनी चार पिनची वायर कार्डच्या ६ पिनला जोडणारा तुकडा. आता गंमत अशी की ६ पिनवाली खरी १०५० टीआय कार्डंपण असतात, त्यामुळे उत्तर पटलं. लावलं, स्लॉटमध्ये फिट बसलं, पीसी सुरू झाला, त्याने पाठवलेल्या लिंकवरचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये चक्क १०५० टीआय असं नाव. झालं, मी लगेच रिव्ह्यू टाकला, पाच स्टार.

दोन दिवस बरे गेले, जुने गेम चालले. मग भाच्याने जरा नवीन गेम लावला आणि मेनूपर्यंत ठीक, पुढे लेव्हल लोड झाली की स्क्रीनवर हिरवे-गुलाबी चौकोन आणि पीसी हँग. दरवेळी तेच. एनव्हिडियाच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर टाकून बघितला तर काळी स्क्रीन, सेफ मोडमधून काढावा लागला.

विक्रेत्याला सांगितलं, आणि इथून पुढे त्याने मला ज्या पद्धतीने खेळवलं ना, मानलं पाहिजे. आधी म्हणाला "मदरबोर्ड जुनाय सर, बायोस अपडेट करा." बायोस म्हणजे बोर्डच्या चिपमध्येच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर. त्यात दोन दिवस, तेपण जीव मुठीत धरून, मध्येच लाइट गेली असती तर बोर्डच मेला असता. मग म्हणाला सप्लाय कमी पडतोय. मग रॅम. मग विंडोज परत टाका. आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावत होतो, कारण मनात धाकधूक आधीपासूनच होती की आपलं मशीन म्हातारं आहे, दोष आपलाच असणार. या सगळ्यात रिटर्नची मुदत संपली. ती संपली त्या दिवसापासून साहेबांचं उत्तर नाही, दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, जीपीयू-झेड लावून बघितलंस का?" कार्डमध्ये खरी चिप कोणती ते दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटांचं काम. उघडलं तर नावाच्या आधीच कंसात ठळक "फेक" लिहून आलं. खाली चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटर, शेडर (चित्रं काढणारे छोटे भाग) १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये चिप जीपी१०७, १४ नॅनोमीटर आणि शेडर ७६८ पाहिजेत. म्हणजे जुन्या जीटीएक्स ५५० टीआय कार्डच्या चिपवर, कार्डचा स्वतःचा बायोस बदलून नवीन नाव चिकटवलं होतं. मेमरी नावाला ४ जीबी, खरी १ जीबी, म्हणूनच गेमला १ जीबीच्या वर लागलं की ते हिरवे-गुलाबी चौकोन. आणि ५५० टीआय हे ११६ वॉटचं कार्ड, म्हणून ते ६ पिन! माझा ३०० वॉटचा बिचारा सप्लाय मोलेक्समधून ते ओढत होता आणि मी वर त्यालाच दोष देत होतो.

रिटर्न तर गेलंच होतं, म्हणून हीटसिंकचे (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाचे) चार स्क्रू काढले. चिपवरची पेस्ट कापसाने पुसली, टॉर्च तिरका धरला, तर चिपवर स्पष्ट जीएफ११६ आणि त्याखाली ११ ने सुरू होणारा आकडा, म्हणजे २०११ ची चिप. १०५० टीआय बाजारात आलं तेच मुळी ऑक्टोबर २०१६ मध्ये. तुमची मुदत शिल्लक असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका, त्यावरचा स्टिकर फाटला की तेच निमित्त करून परत घेत नाहीत. पार्सल उघडतानापासून जीपीयू-झेडची स्क्रीन दिसेपर्यंत एका दमात व्हिडिओ काढा, आणि हे पहिल्याच दिवशी, गेम-बिम नंतर. विक्रेता "मी देतो तोच ड्रायव्हर टाका" म्हणाला तर तिथेच रिटर्न टाका, बायोस-बियोसच्या गप्पा ऐकत बसू नका.

नंतर भाच्याच्या मित्राचं खरं १०५० टीआय एक दिवस आणून लावलं. वेगळी वायर नाही, त्याच बोर्डवर, त्याच सप्लायवर, त्याच विंडोजवर तोच गेम दोन तास चालला. मॉनिटरसाठी एचडीएमआयचा व्हीजीए करणारा कन्व्हर्टर तेवढा आणावा लागला.

परवा सहज शोधलं तर तोच फोटो दुसऱ्या नावाने परत लागलाय. खाली लिहिलंय, जुन्या पीसीला चालेल, व्हीजीए पोर्टसह. आणि माझ्यासारख्यांचे पाच-पाच स्टार.