सामाईक विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर : दोन उन्हाळे वापरून सांगतोय

आमची विहीर औसा तालुक्यात, सातबाऱ्यावर तिघांची सामाईक, मी अन् दोन चुलतभाऊ, मोटर एकच पाच एचपीची. पाण्याची पाळी दिवसावर होती अन् भांडणाचं मूळ तिथंच होतं, कारण थ्री फेज लाईट आठ तास, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, त्यात माझ्या पाळीला डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला की माझा दिवस बुडाला, भावाच्या पाळीला उडाला की तो म्हणणार उद्याचं पाणी माझंच. एकदा रात्री दोनला दारं धरायला (पिकात पाणी वळवायला) गेलो तर पाणी दुसऱ्याच्या उसात चाललेलं. २०१६ ला लातुरात टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते बघितल्यापासून मला पाण्याच्या भांडणाची लई भीती वाटते.

म्हणून तिघांनी पैसे काढून हा स्टार्टर बसवला. घरी बसून फोनवरून मोटर चालू-बंद होते ते आहेच, पण आमच्या खऱ्या कामाला आली ती तासांची नोंद. मोटर किती तास किती मिनिटं चालली ते तिघांच्या फोनवर येतं. मग पाळी तासावर आणली, आठ तास मोटर फिरली की पाळी संपली, त्याला लाईटमुळं दोन दिवस लागोत नाहीतर तीन. जायकवाडीचं बघा, वरच्या धरणांतून पाणी सोडायचं का नाही हे ठरवताना १५ ऑक्टोबरला धरणात साठा किती तो आकडा धरतात, मग विहिरीवर अंदाजानं कसं भागंल?

उणीव एकच पण मोठी, हे तास मोजतं, पाणी नाही. मे मध्ये विहीर दोन-अडीच तासात तळाला जाते, ड्राय रनला, म्हणजे पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली की, ती आपोआप बंद पडते (त्यामुळं मोटर जळाली नाही, हे मानलं पाहिजे), पण साठलेलं पाणी पहिल्याला मिळतं अन् मागच्याला गाळ. म्हणून उन्हाळ्यात आम्ही तास सोडून उपसा धरतो, एक उपसा एकाचा, विहीर भरली की पुढचा दुसऱ्याचा. नवीन घेणाऱ्यांनी पाईपला पाण्याचं मीटर पण बसवून घ्या.

सर्व्हिस कच्ची आहे. पावसाळ्यात स्टार्टरमधलं कार्ड (सर्किट) गेलं तर माणूस नवव्या दिवशी आला. तरी पाचपैकी चार स्टार देतो.

अन् स्टार्टरच्या पेटीच्या चाव्या पहिल्या दिवशीच सगळ्या हिस्सेदारांना द्या, आमच्यात एकाकडंच होती, तर पंधरा दिवस बोलणं बंद होतं.